कोणतं वाद्य सोपं नि कोणतं अवघड: आधी चढ कुठं लागतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगी 8 वर्षांची, तुम्ही स्वतः 41 चे, दोघांनाही एकेक वाद्य शिकायचंय, घरात गाण्याबजावण्याचं वातावरण नाही, आणि पेटी, तबला, बासरी, सतार, व्हायोलिन, गिटार यांना सोप्यापासून अवघडापर्यंत नंबर लावून हवेत. मी सांगलीत गेली 24 वर्षं पेटी आणि सतार शिकवते, शेजारच्या खोलीत तबला नि व्हायोलिनचे क्लास चालतात, त्यामुळं नवीन आलेल्या मुलांची पहिली धडपड रोज संध्याकाळी कानावर असतेच. त्यावरून सांगते.

नंबर लावता येतील, पण पहिल्या वर्षाचे नंबर वेगळे आणि दहाव्या वर्षाचे वेगळे, आणि लोक फसतात ते इथंच. प्रत्येक वाद्याला चढ आहे, फक्त तो वेगवेगळ्या ठिकाणी आहे. बासरी, व्हायोलिन, सारंगी यांचा घाट पायथ्यालाच सुरू होतो, पहिला बरा आवाज काढण्यातच जीव जातो. पेटी, कीबोर्ड, गिटार यांचा रस्ता सुरुवातीला सपाट, दोन-तीन महिन्यांत गाणं वाजतं, घरचे खूश, आणि मग दोन वर्षांनी अचानक भिंत समोर येते. तेव्हा "सोपं कोणतं" यापेक्षा "आमच्या पोराला सुरुवातीचा चढ झेपेल की नंतरचा" हे विचारा, त्याचं उत्तर जास्त कामाला येतं.

पेटीपासून सुरू करते कारण ती माझी. पट्टी दाबली की सूर तयार, शिकणाऱ्यानं तो शोधायचा नसतो, लावायचा नसतो. 8 वर्षांची पोरगी पहिल्या दिवशी सा रे ग म वाजवून घरी जाते आणि ते सुरात असतं, कारण सूर कारागिरानं लावलेला आहे. आणि हीच गोष्ट पेटीवरचा आक्षेपही होती. दोन स्वरांच्या मधली जागा पेटीत नाही, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक फरक सांभाळता येत नाहीत म्हणून आकाशवाणीनं 1940 पासून जवळजवळ तीस वर्षं पेटीला दारं बंद ठेवली होती. म्हणजे ज्या कारणानं ती शिकायला सोपी त्याच कारणानं ती मोठ्या गाण्याला अपुरी ठरवली गेली. तरी महाराष्ट्रात पेटी टिकली, नुसती टिकली नाही तर गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी तिला कुठल्या कुठं नेलं, आणि यातल्या कुणाचंही वाजवणं ऐकलं की "सोपं वाद्य" हा शब्द तोंडातून निघत नाही.

पेटीचा चढ लागतो तो संगतीत, म्हणजे गायकाला साथ करताना. गायक पुढं काय घेणार ते आधी माहीत नसतं, त्याच्या तोंडून निघालेली जागा कानानं पकडून क्षणाच्या आत बोटातून काढायची, आणि तीही त्याच्या वर चढून नाही, मागं राहून. माझ्याकडं मध्यमा पूर्ण ही सातांपैकी पाचवी परीक्षा झालेली मुलं असतात, पलटे म्हणजे स्वरांचे सराव फर्डे, परीक्षेत चांगले मार्क, आणि पहिल्यांदा गायकाच्या शेजारी बसवलं की हात थांबतात. दुसरा चढ म्हणजे भाता. नवीन मुलं भात्याला सारखी धक्के देतात आणि सूर हेंदकाळतो. डावा हात श्वासासारखा सावकाश चालला पाहिजे, गाण्याच्या वजनाप्रमाणं कमीजास्त झाला पाहिजे, आणि हे कुठल्या पुस्तकात लिहून येत नाही, वर्षानुवर्षं बसून येतं.

तबल्याबद्दल पालकांचा मोठा गैरसमज असतो. पोरगं डबे बडवतं, टेबल वाजवतं, म्हणून तबल्याला घाला. ठेक्याची ओढ असणं चांगलंच, पण तबल्याचा पहिला महिना ठेक्याचा नसतोच, तो एका बोटाचा असतो. 'ना' हा बोल घ्या. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेवर हलकी टेकलेली राहिली पाहिजे, मधलं बोट वर, आणि पहिल्या बोटानं चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, मारून लगेच उचलायचं. सगळं जमलं तर टणत्कार येतो, स्वच्छ, सुरातला. अनामिका जरा उचलली गेली तर वेगळाच उघडा आवाज येतो, जास्त दाबली तर आवाज मरतो. लहान मुलांची अनामिका ऐकत नाही, पहिलं बोट मारलं की तीही उडी मारते. आमच्याकडं तबला शिकवणारे सर मुलांना पहिले काही दिवस मारायलाच देत नाहीत, नुसता हात ठेवायला लावतात, अनामिका टेकवायची नि पहिलं बोट वरखाली करायचं, आवाज न काढता. पोरं कंटाळतात, पण जी ते करतात त्यांचा 'ना' सहा महिन्यांनी ऐकायला छान वाटतो. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन घुमारा काढणं हे तर आणखी पुढचं.

तरीही पहिल्या वर्षात तबला लहान मुलांना मानवतो असं माझं मत आहे, कारण दादरा, केहरवा, त्रिताल एवढे ठेके हातात बसले की पोरगं दुसऱ्या कुणाबरोबर वाजवू शकतं. चढ लागतो तो तिरकिट, धिरधिर हे बोल दुगुनीत-चौगुनीत, म्हणजे दुप्पट-चौपट वेगात, स्वच्छ यायला. तिथं बोटांतली ताकद नि सैलपणा दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि रोजचा रियाज चुकला की आठवड्यात हात मागं जातो. पेटीवर महिनाभर सुट्टी घेतलेली मी पुन्हा बसू शकते, तबलजी नाही बसू शकत. शिवाय तबला सुरात लावणं हेही शिकायचं असतं, हातोडी घेऊन गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) नि गजरा (वरची विणलेली कड) ठोकून चारी बाजूंनी एकच सूर आणणं, आणि त्याला कान लागतो. ताल आहे पण कान नाही असं मूल तबल्यातही अडकतं.

आता बासरी. तुम्ही लिहिलंय की बासरी स्वस्त, हलकी आणि सोपी वाटते. स्वस्त नि हलकी खरंच, पण सोपी नाही हो. बांबूची नळी, फुंकायचं एक भोक आणि बोटांची सहा, यापलीकडं काही नाही, आणि म्हणूनच सगळं काम तुमच्यावर पडतं. पहिला प्रश्न आवाज निघण्याचाच. काही जणांना पहिल्या पाच मिनिटांत निघतो, काहींना पंधरा दिवस नुसती हवा, आणि जोरात फुंकून चक्कर येते ते वेगळं. जोर लावायचा नसतोच, ओठांची फट बारीक करून भोकाच्या समोरच्या कडेवर हवेचा धागा सोडायचा असतो. माझ्या भाच्याला मी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकायला लावलं होतं, बाटली घुमायला लागली की ओठ कसे ठेवायचे ते कळतं, मग बासरीवर आला आणि अकराव्या दिवशी एक लांब सूर निघाला. पोरगा बासरी घेऊन घरभर फिरला.

त्याच्या पुढची अडचण बाहेरच्यांना माहीतच नसते. बासरीवर वरची तीन भोकं बंद केली की सा, दोन बंद रे, एक बंद ग, आणि सगळी उघडली की येतो तो तीव्र मध्यम. मग साधा शुद्ध मध्यम कुठंय? तो पहिलं भोक अर्धं झाकून काढायचा. म्हणजे पेटीवर जे सारेगम पहिल्या दिवशी वाजतं तेच बासरीवर वाजवताना चौथ्याच स्वराला अर्धं भोक येतं, आणि अर्धं म्हणजे नेमकं किती हे कानालाच ठरवावं लागतं. कोमल स्वरांनाही तेच. त्यात मोठी बासरी घ्यावी तर बोटं पोचत नाहीत. पन्नालाल घोष यांनी रागसंगीतासाठी लांब बासरी रूढ केली, आज मैफलीत पांढरी तीन या पट्टीची अडीच फुटांच्या आसपासची बासरी दिसते, 8 वर्षांच्या मुलाचा पंजा तिच्यावर पसरत नाही. मुलांना छोटी द्या, आणि मैफलीतल्यासारखा खोल आवाज येत नाही म्हणून नाराज होऊ नका.

सतारीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण या भागात राहून सतारीबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, तिथली सतारमेकर घराणी दीडशेहून जास्त वर्षं हेच काम करतायत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून सतारी-तंबोरे घडवतायत, 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. मी 11 व्या वर्षी सतार धरली. पहिलं वर्ष दुखण्याचं, खोटं सांगत नाही. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर तारेच्या खाचा पडतात, मग कातडी सोलते, मग घट्टे पडतात आणि मग दुखत नाही. उजव्या हाताच्या बोटात नखी, म्हणजे तार छेडायची तारेची अंगठी, रुतते. बसायचं कसं हाही धडाच आहे, भोपळा पायाशी टेकवून सतारीचा तोल उजव्या हाताच्या कोपराखाली सांभाळायचा, डाव्या हातावर वजन आलं की तो पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, मोकळा फिरत नाही.

पण पडदे आहेत, म्हणजे सूर कुठं आहे ते डोळ्यांना दिसतं, हा मोठा आधार. व्हायोलिनला तोही नाही. सतारीचा खरा चढ मींडेत आहे. एका पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला ओढायची आणि त्याच पडद्यातून पुढचा स्वर, त्याच्या पुढचा, असं चार-चार स्वरांपर्यंत जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं थांबायचं. तिथं पडद्याचा आधार संपतो, कान एकटा उरतो. आणि वाजवायला बसण्याआधी तारा लावाव्या लागतात, तरफा, म्हणजे खाली आपोआप घुमणाऱ्या तारा, धरून अठरा-वीस, राग बदलला की तरफा पुन्हा. माझा पहिल्या वर्षातला अर्धा तास रोज त्यातच जायचा नि मी रडकुंडीला यायचे, पण आज माझा जो कान आहे तो त्या अर्ध्या तासानं तयार झालाय असं मी अगदी मनापासून सांगते.

एक प्रसंग सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. मी 13 वर्षांची असताना सतार सोडायच्या बेतात होते. काहीही केलं तरी आवाज बोथट, तार नुसती टकटक करायची, आस म्हणजे सुराची लांबण राहायची नाही, मला वाटलं माझा हातच वाईट. वडिलांनी एका दुकानातून स्वस्तात घेतलेली सतार होती ती, आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. शेवटी मिरजेच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेली. त्यांनी तार छेडली, कान जवळ नेला, काहीच बोलले नाहीत. घोडीवरच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरच्या, तारा बाजूला केल्या, बोटानं तिथली खाच चाचपली, कानस घेतली आणि एकेक घासा मारत बसले. दोन घासे, तार वर, छेडून बघायची, पुन्हा तार खाली, पुन्हा एक घासा. तासभर. मग सतार माझ्या हातात दिली आणि 'सा' वाजवायला सांगितला, तो सूर इतका लांब रेंगाळला की मी दुसरा वाजवायलाच विसरले. जवारी, म्हणजे घोडीचा तारेला टेकणारा पृष्ठभाग, बिघडली होती, एवढंच. दोन वर्षं मी स्वतःच्या हाताला दोष देत होते.

म्हणून सांगते, "हे वाद्य अवघड आहे" असं जे आपण म्हणतो त्यातलं बरंचसं वाईट वाद्याचं असतं. गिटारच्या तारा फळीपासून फार उंच असल्या की मोठ्या माणसाचीही बोटं दुखतात, पेटीचा भाता गळका असला की दम लागतो, व्हायोलिनच्या गजाला रोझिन (चिकट राळ) नसलं की तो नुसता घसरतो. शिकायला सुरुवात करताना महागडं वाद्य नको, पण नीट लावलेलं, जाणकारानं वाजवून बघितलेलं हवंच हवं.

व्हायोलिनवर मी थोडक्यात बोलते, मी स्वतः वाजवत नाही पण भिंतीपलीकडून 15 वर्षं ऐकतेय. पडदे नाहीत, बोट दोन-तीन मिलिमीटर सरकलं की सूर खोटा, आणि उजव्या हातातला गज घोडीला समांतर चालला नाही की करकर. दोन्ही हात पूर्ण वेगळं काम करतात नि दोन्ही अवघड. पहिलं वर्ष घरच्यांनी सोसायचं असतं, हसायचं नाही, "अजून येत नाही का" विचारायचं नाही. पण एक चांगली गोष्ट म्हणजे लहान मापाची व्हायोलिन मिळतात, 8 वर्षांच्या मुलीला बहुतेक हाफ साइझ बसेल, आणि इतक्या लवकर सुरू केलं तर बोटांना जागा पाठ होतात. आपल्याकडं मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवतात, त्यानं डावा हात मोकळा होतो आणि गळ्यासारखं घसरत वाजवता येतं. वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग, किंवा गायन आणि व्हायोलिन दोन्हींत मोठे असलेले गजाननराव जोशी यांचं ऐकलंत की हा चढ कशासाठी चढायचा ते कळेल. सारंगी याच्याही पुढं, तिथं तार बोटाच्या पेरानं दाबायची नसते, नखाच्या मुळाशी कडेनं टेकवायची असते, शिवाय खाली पस्तीसेक तरफा. शिकवणारेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून तुमच्या यादीत नाही ते बरोबरच.

गिटार नि कीबोर्डवर फार लिहित नाही. गिटारवर चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरगट) आल्या की असंख्य गाणी म्हणता येतात, बोटं महिनाभर दुखतात, आणि पहिली भिंत म्हणजे एफची बार कॉर्ड, जिथं एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या असतात, तिथंच पुष्कळ जण सोडतात. कीबोर्डवर तालाचं बटण दाबून वाजवायची सवय लागली की मुलांची लय स्वतःची राहत नाही, तेवढं सांभाळा. पियानो मात्र वेगळा, दोन हातांना दोन ओळी आणि त्याही कागदावरून वाचून. ते वाचन गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं, मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदात गोव्याचे एवढे वादक होते त्यामागं हेच शिक्षण होतं. आपल्याकडं कानानं शिकतात, तिकडं डोळ्यानं, आणि मोठ्या वयात दुसरी सवय लावायची तर दोन्हीकडच्या लोकांना जड जातं.

आता जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. आळंदीला गेलात तर वारकरी शिक्षण घेणारी बारा-तेरा वर्षांची मुलं बघा. पखवाज तसा अवघड, डाव्या तोंडाला कणीक लावायची, उघड्या हाताच्या थापा, खांद्यातून जोर, बोल मोठे. तरी ती मुलं वर्ष-दोन वर्षांत हरिपाठाला, भजनाला साथ करतात आणि चांगली करतात. का? कारण रोज संध्याकाळी हरिपाठ असतोच. पंचवीस टाळकरी समोर उभे, चूक झाली तर लगेच कळते, थांबून चालत नाही, उद्या पुन्हा आहेच. वाद्य तेवढंच अवघड, पण वाजवायला माणसं आहेत. एकट्यानं खोलीत दार लावून यूट्यूब बघून बासरी शिकणारा माणूस आणि हे पोरगं, यांच्या दोन वर्षांची तुलनाच होत नाही. म्हणून तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत काय वाजतं ते आधी बघा. भजनी मंडळ असेल, शेजारी कुणी गाणारं असेल, तर त्यांच्यात बसता येईल असं वाद्य निम्म्यानं सोपं होतं.

तर नंबर. पहिल्या वर्षापुरते माझे असे: कीबोर्ड नि पेटी सगळ्यांत आधी, मग तबला आणि गिटार जवळपास सारखे, मग सतार, मग बासरी, मग व्हायोलिन. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा सगळ्या वाद्यांना सारख्याच, पण आमच्या क्लासमध्ये पेटीची मुलं प्रारंभिकला आरामात बसतात आणि व्हायोलिनची घाबरत बसतात, विशारदपर्यंत गेलं की मात्र दोघांचे चेहरे सारखेच उतरलेले असतात.

मुलीबद्दल विचाराल तर तिला आधी दोन-तीन क्लासमध्ये नुसतं बसवा, आठवडाभर, काही घेऊन देऊ नका. ती कुठल्या खोलीच्या दारात जास्त वेळ थांबते ते बघा. गुणगुणत असेल तर पेटी आणि जोडीनं गाणं, हात सतत ताल धरत असतील तर तबला, आणि व्हायोलिनपाशीच थांबली तर अवघड आहे म्हणून मागं ओढू नका, या वयाला ते आत्ताच सुरू करायचं. सतारीला मी दहा-अकराच्या आत घाई करत नाही, हात छोटा पडतो.

तुमच्या स्वतःच्या मनात बासरी आहे हे प्रश्नावरून दिसतंच. 41 ला बासरी जमते, मोठ्या माणसाला धीर असतो, पंजा मोठा असतो, फक्त दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटं करा, सलग तासभर नको, ओठ थकले की फुंक बिघडते आणि बिघडलेलीच सवय लागते. पहिले पंधरा दिवस बोटं ठेवूच नका, नुसता लांब सूर. घेताना शिकवणाऱ्यालाच बरोबर न्या, चीर नाही ना ते उजेडात धरून बघा. आणि मुलीसाठी पेटी घ्यायची ठरली तर दुकानात गाणं वाजवून बघू नका, भाता भरा, हात सोडा, एकही पट्टी दाबू नका आणि शांत बसून ऐका. आपोआप एखादा सूर बारीक वाजत राहिला किंवा हवा लगेच सुटली, तर ती पेटी तिथंच ठेवा आणि दुसरी मागा.